सत्यभामाबाई जेवून राहिली

कलाबाई आजही हे सांगते तेव्हा आधी हसते, मंग पदर तोंडाले लावते, मंग पुन्हा हसते, अन् ऐकणारा उठून जायच्या बेतात आला का मंग कुठे तोंड उघडते. लग्न होऊन आंबागडले आली तेव्हा पहिले आठ दिवस तिले वाटलं होतं, आपली मोठी जाऊ मुकी आहे.

वाटणारच ना! सत्यभामाबाई मान हलवे, बोटानं दाखवे, चुलीपाशी बसल्या बसल्या 'हूं' करे. बस. नवी नवरी बिचारी हातवारे करून, मोठमोठ्यानं इचारे, "जाऊबाई, मीठ! मी-ठ! कुठी हाये?" सत्यभामाबाई डब्याकडे बोट दाखवे. कलाबाईनं तं माहेरी निरोपही धाडला, का घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, पण मोठ्या जावेचं देवानं असं केलं. आठव्या दिवशी बोक्यानं दुधाच्या गंजात तोंड घातलं अन् चुलीपासून आवाज आला, "हाड रे चोट्ट्या! तुह्यासाठी दूध तापवून राहिली काय मी?"

कलाबाईच्या हातातलं सूप तांदळासकट खाली पडलं.

मुकी नव्हती ती. घरात पुंडलिक गुरुजी असला का तिची वाचा बसे. अन् पुंडलिक गुरुजी कोण? तं कलाबाईचाच नवरा, सत्यभामाबाईचा धाकटा दीर. मास्तरकीच्या ट्रेनिंगले पुण्याकडे दोन वर्षं राहून आला होता, अन् येताना एक ट्रंक, एक छत्री अन् शुद्ध भाषा घेऊन आला. छत्री पहिल्याच वर्षी हरवली. भाषा काही हरवे ना.

"वहिनी, 'तापवून राहिली' नव्हे. 'तापवते आहे' म्हणावं."

"वहिनी, चहा मांडत नाहीत. पाट मांडतात, संसार मांडतात. चहा करतात."

आता आपल्या भागात कोण चहा करते, सांगा! सगळे मांडतेत. पण हा बाप्पा प्रत्येक वाक्यात असा मधातच पकडे, का बाईनं बोलणंच सोडून देलं. चौथी शिकलेली बाई, माहेर बपेऱ्याचं, अर्धं गाव मध्यप्रदेशाकडे तोंड करून बसलेलं, म्हणून हिंदीही फाडफाड येई. पण घरात मात्र 'हूं'. नवरा कृष्णराव सकाळी जो धानाच्या बांदीत जाये तो दिवस बुडता येये, त्याले बायको बोलते का नाही बोलते याचा पत्ताच नव्हता.

हिंदी येते म्हणून सत्यभामाबाईले दवाखान्यात काम लागलं. गडाखाली, तलावाच्या पाळीपाशी, हॉलंडच्या एका नर्सबाईनं दोन खोल्यांचा दवाखाना मांडला होता. (दवाखाना मांडला म्हटलेलं गुरुजीले चाले बरं का.) तिचं नाव मारैके का काहीतरी होतं, गाव म्हणे मारीबाई. उंच, लाल तोंडाची, सायकलवर फिरे, हिंदी बोले ते असं का मशीन शिवून राहिली. बायकांची बाळंतपणं तिच्याच हातानं. पंचक्रोशीत दुसरं होतं कोण? तुमसरचा मोठा दवाखाना लांब, अन् पावसाळ्यात मधातला नाला फुगला का बैलबंडी अलीकडेच थांबे. कलाबाईचं पहिलं लेकरू असंच नाल्याच्या अलीकडे, बंडीतच गेलं होतं. मारीबाई गावात यायच्या आधीच्या श्रावणातली गोष्ट. त्यावर घरात कोणी बोलत नसे.

सत्यभामाबाई दवाखान्यात रांधे, झाडे, अन् येणाऱ्या बायांचं बोलणं मारीबाईले हिंदीत करून सांगे. कलाबाई दुपारी दूध घेऊन जाये.

अन् मंग १९७६ च्या दिवाळीनंतर, धान कापणीच्या गडबडीत, मारीबाई वरठीच्या स्टेशनवर जाऊन आपल्या मायले घेऊन आली.

बाप वारला होता. भाऊ ना बहीण. म्हणून म्हातारीले इकडे आणलं. पांढरे भुरके केस, निळे डोळे, अन् कंबर अशी ताठ का उभी पहार. आयुष्यभर तिकडे लहान पोरायची शाळा घेतली होती. मारीबाईनं सांगितलं, हिले ओमा म्हणा, म्हणजे आजी. गावानं दोन दिवस ओमा म्हटलं, तिसऱ्या दिवशी ती उमाबाई झाली.

उमाबाईले आपल्या भाषेबिगर काही येत नव्हतं. ना हिंदी, ना मराठी. लेक सकाळीच सायकल घेऊन खेड्यापाड्यात निघून जाये. म्हातारी खिडकीपाशी बसे, अन् थोड्या थोड्या वेळानं उठून, दारापाशी जाऊन, एकच गोष्ट म्हणे, "इक खा नार हौस!"

सत्यभामाबाईनं काय ऐकलं असंन? एक खानार, हौस! म्हातारीले भूक लागली, एक काहीतरी खानार म्हणते, अन् हौसेनं खानार म्हणते. सत्यभामाबाई धावत जाऊन ताट घेऊन आली. लाखोरीचं वरण, भात, वर चिरलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर. म्हातारीनं ताटाकडे पाहिलं, सत्यभामाबाईकडे पाहिलं, अन् जोरानं म्हटलं, "नाए! इक खा नार हौस!" सत्यभामाबाईले वाटलं, वरणाची हौस नाही. पोळी आणली. मंग केळं आणलं. मंग घरून पोपटीच्या शेंगा उकडून आणल्या. जितकं आणे तितकी म्हातारी लाल होये.

चार दिवसांनी मारीबाईनं हे ऐकलं अन् दारातच मटकन बसली.

"सत्याबाई, 'खा' मतलब जाती हूँ! 'हौस' मतलब घर! माँ बोल रही है, मैं घर जाती हूँ!"

"अवो माय! अन् मी तिले केळं देऊन राहिली!"

मारीबाई हसली, पण मंग तिचं तोंड उतरलं. तिनं खरं ते सांगून टाकलं. माय जेवत नाही, एकटीनं घास गिळत नाही, रोज घर म्हणते. होळीपर्यंत पाहते म्हणे. नाही जमलं तं दोघी परत जाणार. दवाखाना बंद.

हे सत्यभामाबाईनं संध्याकाळी चुलीपाशी सांगितलं तेव्हा कलाबाईच्या हातातलं काम थांबलं. तिले नुकतेच दिवस गेले होते. मृगाच्या आसपास येणार होतं. मृगात पाऊस, पावसात नाला.

कलाबाईनं पदर डोळ्याले लावला. सत्यभामाबाईनं तिच्याकडे पाहिलं, अन् म्हणे, "रडू नको वं. मी शिकतो त्याइची भाषा."

बाई 'शिकतो' म्हणाली, तरी गुरुजी काही बोलला नाही. तोही ऐकून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाईनं मारीबाईले गाठलं. सगळी भाषा नाही, म्हणे, कामाचे शब्द सांगा. खाना? एतन. सोना? स्लापन. पढना? लेझन. राह देखना? वाख्तन. मारीबाई बोले, सत्यभामाबाई कोळशानं भिंतीवर लिहून ठेवे. शेवटी तिनं इचारलं, "और 'रहना'?"

"ब्लेवन. मैं रहती हूँ, इक ब्लेफ."

झालं! बाईले वाटलं, सगळी किल्ली हातात आली. आपण काय म्हणतो? जेवून राहिली, झोपून राहिली, पाहून राहिली. सगळीकडे राहिलीच राहिली. म्हणजे त्याइच्यात ब्लेफ लावला का काम झालं!

आता पुढचं कलाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पौषातली दुपार. ती दूध घेऊन दवाखान्याच्या मागच्या दारानं आली. सत्यभामाबाई रांधणीत खाली बसून आपला भात कालवून राहिली होती. समोरच्या खोलीत टेबलावर म्हातारीचं ताट तसंच, गार. म्हातारीले आवाज आला असावा, तिनं बसल्या जागेहून इचारलं,

"सत्या? वात दू ये?"

म्हणजे काय करतेस? एवढं सत्यभामाबाईले समजत होतं. तोंडात घास होता. तिनं तो कसाबसा गिळला अन् आयुष्यातलं पहिलं डच वाक्य ठणकावून फेकलं,

"इक ब्लेफ एतन!"

मी जेवून राहिली.

 समोरच्या खोलीत खुर्ची सरकली. म्हातारी रांधणीच्या दारात आली, खाली बसलेल्या सत्यभामाबाईकडे पाहून राहिली, अन् तिचे डोळे असे भरून आले का कलाबाई दूध हातात धरून तशीच थिजली. म्हातारीनं सत्यभामाबाईचा उष्टा हात धरला, उठवलं, टेबलापाशी नेलं, खुर्चीवर बसवलं, दुसरं ताट आणलं, स्वतः समोर बसली. अन् जेवली! गार वरण, गार भात, सगळं. सत्यभामाबाई खुर्चीच्या टोकावर अशी बसली होती जशी बाई बसच्या सीटवर गाठोडं घेऊन बसते. तिले वाटून राहिलं होतं, वेळेच्या आधी जेवताना पकडल्या गेलो, आता काही खरं नाही.

संध्याकाळी मारीबाईनं उलगडा केला. हसता हसता तिच्या डोळ्यातून पाणी आलं. त्याइच्या भाषेत 'ब्लेफ एतन' म्हणजे जेवून राहिली नाही. ब्लेफ एतन म्हणजे, मी जेवायले थांबते. तुमच्यासंगं जेवीन, मंगच जाईन. आलेल्या पाहुण्यानं म्हणायचं वाक्य. दोन महिने म्हातारीसंगं जेवायले कोणी थांबलं नव्हतं, अन् आज ही बाई आपणहून म्हणाली, थांबते.

"मंग बरोबर काय म्हणायचं होतं?" सत्यभामाबाईनं इचारलं. तोंड लाल झालं होतं. इकडेही चूक, तिकडेही चूक!

पण ते उमाबाईनं मनावर घेतलं. चाळीस वर्षं शाळा शिकवलेली बाई, हातात पोरगी सापडली, मंग सोडते काय? दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं का शाळा. अन् कशी शाळा! पुस्तक नाही, पाटी नाही. म्हातारी खुर्चीवर बसे, पेपर हातात घेये, म्हणे, "इक झित तं लेझन." मी बसते अन् वाचते. मंग दारापाशी उभी राही, लेकीची वाट पाहिल्यासारखी: "इक स्ता तं वाख्तन." मंग चक्क भुईवर पाय लांब करून आडवी होये: "इक लिख तं स्लापन." मंग उठून चष्मा शोधत खोलीभर फिरे: "इक लोप तं झूकन." चष्मा नाकावर. अन् जे जे ती करे ते सत्यभामाबाईनं करायचं. बस, उठ, आडवी हो, फिर.

खिडकीतून बायजाबाई शेजारीण पाहून गेली अन् गावभर सांगून आली, का त्या दोघीच्या अंगात येते. कलाबाईले तिनं नाल्यावर गाठलं. "तुह्या जावेले काय झालं वं? जमिनीवर लोळते अन् स्लापन स्लापन करते!"

"कवायत आहे ती," कलाबाई म्हणे. "मास्तरीण आहे ना म्हातारी."

"ह्या वयात?"

"तुमीही जा. पाय दुखते म्हणत होत्या ना."

घरी मात्र सत्यभामाबाई बदलून गेली. चुलीपाशी बोले अन् थांबेच ना. "कला, त्याइचे लोकं भलते बारीक पाहतेत वं. माणूस नुसता वाचत नाही, बसून वाचते. नुसती वाट नाही पाहत, उभं राहून पाहते. आपल्यासारखंच ना? आपण नाही म्हणत, तो बसून राहिला, ती पाहून राहिली? अन् मधात पाहा, 'तं' लावतेत. आपलंच तं! झित तं लेझन. बसते तं वाचते!"

"सगळ्याइले तं लागते?"

"नाही. तीच तं गंमत. खा अन् ब्लेफ, ह्या दोघाइले तं नाही लागत. जाणाऱ्याले अन् राहणाऱ्याले तं-बिं काही नसते."

गुरुजी ओसरीवर वह्या तपासत बसला होता. म्हणे, "वहिनी, आधी मराठी तरी शुद्ध बोला." सत्यभामाबाई पूर्वीसारखी गप्प नाही बसली. म्हणे, "तुमी झित तं वह्या तपासा, भाऊजी."

चुकाही चिक्कार. म्हातारीनं म्हटलं 'ताफल देकन', अन् मारीबाईकडून कळलं होतं का देकन म्हणजे झाकणं, ताफल म्हणजे टेबल. सत्यभामाबाईनं टेबलावर घरून आणलेलं कृष्णरावचं धोतर पसरून चारी कोपरे बांधले. अर्थ होता, ताटवाट्या लावा. पण आता म्हातारी लाल होत नव्हती. हसे. अन् उलटं तीही शिके. एका दुपारी गुरुजी दवाखान्यात खोकल्याचं औषध घ्यायले गेला, तं खिडकीतल्या उमाबाईनं पेपर वर करून त्याले सांगितलं, "मी वा-चून राई-ली!"

गुरुजीनं औषध न घेता घर गाठलं. "गोरी बाई, हॉलंडची, शिक्षिका, आणि तिलाही तेच शिकवलं!" खोकून खोकून सांगे.

होळी जवळ आली.

मारीबाईनं मायले इचारायचा दिवस ठरवला होता, अन् तो सत्यभामाबाईनं कलाबाईले सांगितला, अन् कलाबाई त्या दिवशी दूध देऊन घरी परतलीच नाही. दाराच्या चौकटीले टेकून उभी राहिली. स्ता तं वाख्तन, म्हणा ना. पोट आता दिसत होतं. तिले त्या सगळ्या भाषेतले दोनच शब्द येत होते, एक जाण्याचा, एक राहण्याचा. खा अन् ब्लेफ.

मारीबाई मायच्या पुढ्यात बसली, हात हातात घेतले, हळू हळू काही इचारलं. लांबलचक. त्यात हौस दोनदा आलं. म्हातारी ऐकून राहिली. तिनं खिडकीबाहेर पाहिलं, तलावाकडे. सत्यभामाबाई रांधणीच्या दारात, हातात झारा. म्हातारीनं तोंड उघडलं.

"इक..."

अन् थांबली. खोकली. कलाबाईनं चौकट धरली. खा का ब्लेफ? खा का ब्लेफ?  सत्यभामाबाईचे ओठ हलून राहिले होते, जशी शाळेत मास्तरीण पोराले उत्तर पुरवते.

म्हातारीनं कलाबाईकडे पाहिलं. मंग तिच्या पोटाकडे.

"इक ब्लेफ वाख्तन," ती म्हणाली.

थांबते. वाट पाहते.

सत्यभामाबाईच्या हातातला झारा पडला. कलाबाईले दुसऱ्या शब्दाचा अर्थ समजला नव्हता, पहिला पुरला. ती तिथंच, चौकटीपाशी, खाली बसली अन् रडून घेतलं.

मृग लागला, नाला फुगला, तुमसरची वाट बंद झाली, अन् त्याच आठवड्यात मारीबाईच्या हातावर पोरगी आली. तांदळाच्या पोत्यासारखी वजनदार. उमाबाई बाहेर उभी होती, खरंच उभी, वाट पाहत. पोरीचं नाव उषा ठेवलं. सगळ्याइले माहीत होतं का उमाच्या जवळचं म्हणून ठेवलं, पण गुरुजी म्हणे, नाही, पहाटे झाली म्हणून. झाली होती दुपारी.

दोघी मायलेकी त्यानंतर चार वर्षं राहिल्या. १९८१ ले मारीबाईची मुदत संपली, दवाखान्यात सरकारी नर्स आली, अन् वरठीच्या स्टेशनवर जाऊन सत्यभामाबाईनं त्याइले गाडीत बसवलं. म्हातारी खिडकीतून म्हणाली, "इक खा नार हौस, सत्या." सत्यभामाबाईनं पिशवीतून केळं काढून तिच्या हातात देलं. दोघी इतक्या हसल्या का गाडी हलली तरी हात सोडवेना.

मंग पत्रं आली. निळ्या कागदाची, त्याइच्याच अक्षरात; तेही उमाबाईनं त्या चार वर्षांत सत्यभामाबाईले शिकवून ठेवलं होतं. पोस्टमन धनीराम ते पत्र हातात धरून सगळ्या गल्लीत दाखवत येये. सत्यभामाबाई ओसरीवर बसून मोठ्यानं वाचे, गुरुजी घरात असला तं आणखीच मोठ्यानं. तिची उत्तरं चार ओळीची राहत. मी बसते तं लिहिते. कला उभी राहते तं ऐकते. उषा लोळते तं रडते. भाऊजी फिरतेत तं चष्मा शोधतेत. १९८४ ले मारीबाईचं पत्र आलं. माय गेली, झोपेतच. सत्यभामाबाईनं ते मोठ्यानं वाचलं नाही. "लिख तं स्लापन," एवढंच म्हणाली, अन् चुलीपाशी गेली.

आता शेवटचं. कलाबाई हे सांगताना पुन्हा पदर तोंडाले लावते.

उषा नऊ वर्षांची, निबंध लिहून आणला होता, 'माझी मोठी आई'. गुरुजी लाल शाईचा पेन घेऊन बसला. पहिल्याच ओळीवर काट मारली.

"काहून खोडलं जी?" सत्यभामाबाईनं चुलीपासून इचारलं.

"हिनं लिहिलं आहे, माझी मोठी आई चहा मांडते. चहा मांडत नाहीत, वहिनी. शंभरदा सांगितलं. पाट मांडतात."

सत्यभामाबाई उठली. फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, त्यातून एक निळा कागद काढला अन् गुरुजीच्या वहीवर ठेवला. बोट एका ओळीवर. "वाचा."

"मला येत नाही."

"मले येते. इक खा ते झेतन. उमाबाईनं लिहिलं. ते म्हणजे चहा. झेतन म्हणजे मांडणं, ठेवणं. मी चहा मांडायले जाते. चाळीस वर्षं मास्तरीण होती. ट्रेनिंग तिचंही झालं होतं."

"ती डच भाषा झाली! डचांचं इथं काय?"

"मंग पुण्याचं इथं काय?"

कलाबाईनं तोंडात पदर कोंबला. गुरुजी सरसावून बसला. "तुमचं ते 'करून राहिली' तरी सोडा. ते तरी अशुद्ध आहे की नाही?"

"भाऊजी," सत्यभामाबाई हळू म्हणाली, "मी त्या दिवशी शुद्ध बोलली असती तं ब्लेफ म्हणालीच नसती. म्हातारी गेली असती, मारीबाई गेली असती. अन् मृगात हिले बंडीत टाकून तुमी नाल्यापाशी गेले असते." तिनं उषाच्या डोक्यावर हात ठेवला. "तुमची पोरगी त्या 'राहिली'चीच हाये."

गुरुजीनं चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला.  मंग गुरुजीनं लाल पेनाचं टोपण लावलं. काटलेल्या ओळीखाली निळ्या पेनानं बारीक टिंबं देली, मास्तर लोक खोडलेलं पुन्हा ठेवायचं असलं का देतेत तशी. पण बोलायचं काहीतरी होतंच ना, तो गुरुजी होता!

"बरं, असो," तो म्हणाला. "पण चहा कुठं आहे? मी केव्हाचा वाट पाहून राहिलो!"

 कलाबाईनं जावेकडे पाहिलं, उषानं मायकडे पाहिलं. गुरुजीलेही समजलं, पण तोंडातून निघालेलं आता कुठे खोडणार?

सत्यभामाबाईनं गंज चुलीवर मांडला, पाणी घातलं, अन् मागं न पाहता इचारलं,

"वाट बसून का उभ्यानं, भाऊजी?"